संगणकाच्या अटींतील अनुक्रम

बीजगणितांत 'क गुणिले ख' आणि 'ख गुणिले क' यांचें उत्तर एकच येतें. जॉर्ज बूल या गणितज्ञानें १८५४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तर्कशास्त्रांतील 'आणि' या शब्दासही हाच नियम लाविला. विद्यार्थिमित्रहो, संगणकाच्या आज्ञावलींत हा नियम डोळे मिटून लावूं जाल तर मात्र फसाल.

आपल्या ग्रंथालयाची नोंद ठेवणारी आज्ञावली जावा भाषेंत लिहावयाची आहे, असें समजा. पुस्तक कोणी नेलें असेल तर 'वाचक' या नांवाखालीं त्या विद्यार्थ्याची माहिती सांपडते. पुस्तक कपाटांतच असेल तर तेथें 'नल' असतो. (हा दमयंतीचा नल नव्हे!) नल म्हणजे शून्य नव्हे, कोरें नांवही नव्हे, रिकामें दप्तर आणि दप्तरच नसणें यांत जें अंतर, तेंच येथें आहे.

पांचवीच्या मुलांकडील पुस्तकें निवडण्यासाठीं नवशिका जें लिहितो, तें मराठी शब्दांत असें होईल:

जर (वाचक.इयत्ता == ५ && वाचक != नल)

'&&' म्हणजे 'आणि'; '==' म्हणजे 'समान आहे', '!=' म्हणजे 'समान नाहीं'. संगणक डावीकडून आरंभ करितो. जो वाचकच नाहीं त्याची इयत्ता तो प्रथम विचारतो, आणि काम तेथेंच अडून पडतें. खेदाची गोष्ट ही कीं, चाचणीच्या वेळीं सर्व पुस्तकें बाहेर गेलेलीं असलीं तर ही चूक मुळींच दिसत नाहीं. पहिलें पुस्तक परत येतांच ती उघडी पडते. अटींच्या जागा बदला:

जर (वाचक != नल && वाचक.इयत्ता == ५)

आतां डावी अट खोटी ठरली कीं सबंध वाक्य खरें होणें शक्यच नाहीं. म्हणून संगणक उजवीकडे पाहातच नाहीं.

खरी गंमत उलट प्रश्नांत आहे. पांचवीच्या मुलांकडे नसलेलीं पुस्तकें हवीं असतां पुष्कळ जण दोन्ही अटी उलट करितात, पण मधला 'आणि' तसाच ठेवितात. मग नल सांपडला कीं डावी अट खरी ठरते, आणि संगणक नेमका त्याच वेळीं उजवीकडे जातो! येथें 'किंवा' हवा. त्याचें चिन्ह '||':

जर (वाचक == नल || वाचक.इयत्ता != ५)

डावी अट खरी ठरतांच 'किंवा'चें काम झालें. उजवीकडे जाण्याचें कारण उरत नाहीं.

नलाची ही कल्पना टोनी होअर यांनीं १९६५ सालीं अल्गोल डब्ल्यू भाषेसाठीं योजिली; २००९ सालीं त्यांनींच तिला आपली शंभर कोटी डॉलरांची चूक म्हटलें. जावा भाषेंत एकेरी '&' लिहिल्यास दोन्ही बाजू तपासल्या जातात, म्हणून तो येथें चालत नाहीं. मूळ पास्कल भाषेंत तर 'आणि'ची उजवी बाजू वगळली जाईलच अशी हमी नव्हती. त्या भाषेंत लिहिणारे सावध लोक एका 'जर'च्या पोटांत दुसरा 'जर' घालीत.