देवाच्या गौरवाचे वजन

शास्त्रपाठ : १ शमुवेल २:१२–३६ व ४, निर्गम ३३:१२–३४:७, योहान १३:१–३२, याकोब २:१–९.

प्रत्येक उपासनेत आपण देवाचे गौरव करितो. प्रार्थनेच्या शेवटी, गीताच्या कडव्यात, बाप्तिस्म्याच्या वेळी आणि मृतास मूठमाती देतानाही हा शब्द आपल्या मुखी येतो. आणि तो इतका परिचयाचा झाला आहे की, त्याचा अर्थ काय असे विचारण्याचे मनात येत नाही. कोणी विचारिलेच, तर बहुतेक जण लखलखीत प्रकाश, उंच सिंहासन व देवदूतांचे समुदाय यांचे वर्णन करितील. ते वर्णन खोटे नव्हे. सीनाय पर्वतावर मेघ व अग्नी होते, आणि बेथलेहेमच्या रानात मेंढपाळांभोवती प्रभूचे तेज फाकले होते. तथापि तेज हे गौरवाचे बाह्य रूप होय. त्याचा गाभा निराळा आहे. तो कोणता, हे आजच्या पाठात पाहू.

१. शब्दाचा मूळ अर्थ

जुन्या करारात गौरवासाठी ‘कावोद’ हा इब्री शब्द आहे. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ जड असणे, वजनदार असणे असा आहे. आपल्या मराठी शास्त्रात प्रसंगानुसार तेज, वैभव, महिमा, गौरव असे निरनिराळे शब्द योजिले आहेत. त्यांपैकी ‘गौरव’ हा शब्द मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ आहे. कारण संस्कृतात ‘गुरु’ म्हणजे जड, आणि त्यापासूनच ‘गौरव’ झाला. आपणही म्हणतो की, अमक्याच्या शब्दाला वजन आहे. आणि ज्याच्या बोलण्यात काही अर्थ नाही, त्यास हलका म्हणतो. खळ्यावर उफणणी करिताना भरलेला दाणा खाली पडतो व भूस वाऱ्याबरोबर उडून जाते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

देवाचे गौरव म्हणजे देवाच्या अस्तित्वाचे व स्वभावाचे भरीव सत्य. म्हणून त्याचे गौरव करणे म्हणजे त्याच्याजवळ नसलेले काही त्यास देणे नव्हे. तराजू मालाला वजन देत नाही. जे वजन आहे ते दाखवितो. आपण देवास किती वजनदार मानितो, हे मात्र आपल्या आचरणाच्या तराजूवरून कळते.

२. शिलो येथे काय घडले?

एली याजक शिलो येथे असता त्याचे पुत्र हफनी व फिनहास हे लोकांच्या अर्पणांतील मांस बळजबरीने घेत. एलीला हे ठाऊक होते. त्याने त्यांची कानउघाडणी केली, परंतु त्यांस आवरिले नाही. तेव्हा देवाच्या माणसाने त्यास दोष लाविला की, त्याने आपल्या पुत्रांचा मान देवापेक्षा अधिक राखिला. ह्या ठिकाणी इब्री भाषेत वजनाचाच शब्द आहे. आणि जे देवास तुच्छ मानितात ते स्वतः हलके ठरतील, असेही तेथे सांगितले आहे.

पुढे पलिष्ट्यांशी युद्ध होऊन इस्राएलाचे सुमारे ४,००० लोक पडले. मग वडील जनांनी शिलोहून कराराचा कोश आणविला. त्यांनी पश्चात्ताप केला नाही. पेटी आली म्हणजे देवास आपल्या बाजूने लढणे भाग पडेल, असा त्यांचा समज होता. छावणीत असा जयघोष झाला की भूमी दणाणली. पण दुसऱ्या लढाईत ३०,००० लोक पडले, कोश शत्रूच्या हाती गेला, आणि दोघेही भाऊ मारले गेले. ही वार्ता ऐकून ९८ वर्षांचा एली आसनावरून मागे पडून मेला. फिनहासाच्या पत्नीने प्राण सोडिताना आपल्या नवजात पुत्राचे नाव ईखाबोद ठेविले. त्या नावात ‘कावोद’ हाच शब्द आहे. आता गौरव उरले नाही, असा तिचा विलाप होता.

परंतु गौरव खरोखर कोणी हरण करू शकतो काय? पुढचाच अध्याय सांगतो की, अश्दोद येथे दागोनाची मूर्ती कोशापुढे पालथी पडली, आणि देवाचा हात त्या नगरावर भारी झाला. येथेही तोच धातू आहे! देवाचे वजन तिळभर कमी झाले नव्हते. शिलोचे गौरव युद्धाच्या दिवशी गेले नाही. ज्या दिवशी देवाच्या भयापेक्षा मांसाचा तुकडा जड झाला, त्याच दिवशी ते गेले होते. मोठा घोष म्हणजे गौरव नव्हे.

३. मोशेची विनंती व देवाचे उत्तर

सोन्याच्या वासराचे पाप घडल्यानंतर मोशेने देवास विनंती केली की, तुझे तेज मला दाखीव. देवाने काय उत्तर दिले ते नीट वाचा. त्याने आपले सामर्थ्य दाखविण्याचे नव्हे, तर आपले सर्व चांगुलपण मोशेपुढून नेण्याचे वचन दिले. नंतर तो मेघातून उतरला आणि त्याने आपले नाव पुकारिले: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, विश्वासू, पापांची क्षमा करणारा, तथापि अपराधास शासन केल्यावाचून न सोडणारा. देवाचे गौरव म्हणजे त्याचे चांगुलपण होय, आणि ते अपराधी लोकांच्या छावणीजवळ प्रगट झाले.

४. ख्रिस्ताच्या ठायी गौरव

योहान साक्ष देतो की, शब्द देही झाला, आपल्यांमध्ये राहिला, आणि आम्ही त्याचे गौरव पाहिले. ते कोठे पाहिले? काना गावी लग्नघरी पाहिले, हे खरे. पण प्रभू आपल्या गौरवाच्या घटकेविषयी बोलू लागला तेव्हा त्याने जमिनीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याचा दृष्टांत दिला. शेवटच्या रात्री त्याने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. यहूदा बाहेर निघून गेला, रात्र होती. आणि त्याच क्षणी प्रभू म्हणाला की, आता मनुष्याच्या पुत्राचे गौरव झाले आहे. जगाच्या तराजूत वधस्तंभाइतके हलके काही नव्हते. तो गुलामांचा व बंडखोरांचा मृत्यू होता. देवाने मात्र आपल्या चांगुलपणाचे सर्व वजन तेथेच ठेविले. मोशेपुढे पुकारिलेले नाव, म्हणजे क्षमा व न्याय ही दोन्ही, तेथे एकत्र दिसतात.

५. आपल्या मंडळीचा तराजू

हे सर्व मान्य करून आपण घरी गेलो, तर पाठ व्यर्थ झाला. याकोब आपल्या पत्रात प्रभू येशू ख्रिस्तास गौरवशाली म्हणतो, आणि त्याच श्वासात पक्षपाताविषयी बोलतो. सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आला तर त्यास चांगली जागा, आणि मळक्या वस्त्रांचा दरिद्री आला तर त्यास पायाजवळ बसावयास सांगणे, असे करणारी मंडळी गौरवाच्या प्रभूचे नाव घेते, पण तिचा तराजू खोटा आहे.

आपल्या गावांत पिढ्यान् पिढ्या कित्येकांस केवळ जन्मावरून हलके म्हटले गेले. आठवे स्तोत्र तर म्हणते की, देवाने मनुष्यास गौरवाचा मुकुट घातला. अमक्या कुळातील मनुष्यास, असे तेथे म्हटलेले नाही. मग सोयरीक जुळविताना, पंच निवडताना, प्रभुभोजनास बसताना जुनी वजने आपण अजून खिशात बाळगतो काय? जेथे बाळगतो, तेथे गीताचा घोष कितीही उंच असो, तो शिलोच्या छावणीचाच घोष होय.

आणि जी मंडळी लहान आहे, जिचे मंदिर गळके आहे, जिच्यातील तरुण पोटासाठी शहरास गेले आहेत, तिने ईखाबोद म्हणून रडू नये. यहेज्केलास देवाचे गौरव दिसले ते यरुशलेमेत नव्हे, तर खबार नदीकाठी बंदिवानांमध्ये. पौलाने फटके, तुरुंग व उपासमार सोसून लिहिले की, हे संकट हलके आहे, आणि पुढे मिळावयाचे गौरव हा सार्वकालिक भार आहे. तोच तराजू आपल्या हाती असो.

विचारासाठी प्रश्न

१. एलीचा मुख्य दोष कोणता? आपल्या घरात तो कोणत्या रूपाने दिसतो?
२. मोशेने तेज मागितले असता देवाने चांगुलपण का दाखविले?
३. आपल्या मंडळीत कोणाच्या शब्दास वजन नाही? ते का नाही?
४. ह्या आठवड्यात त्यांपैकी एकाच्या घरी जाऊन त्याचे म्हणणे कोण ऐकून येईल?