पळून आलेला दास

शास्त्रपाठ : अनुवाद २३:१५-१६; फिलेमोन ८-२१

मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानसा नियम आहे. उपासनेत तो क्वचितच वाचला जातो. धन्यापासून पळून आश्रयास आलेल्या दासाला परत धन्याच्या हवाली करू नये, त्याला आवडेल त्या गावी राहू द्यावे आणि त्यास गांजू नये, असा त्याचा आशय आहे. त्या काळी आसपासच्या राष्ट्रांची रीत अगदी उलट होती. बाबेलच्या हम्मुराबी राजाच्या कायद्याप्रमाणे पळालेल्या दासास घरात लपविणाऱ्याला देहदंड होता. मोशेचा नियम मात्र, हा धन्याचे किती देणे लागतो, असा प्रश्नसुद्धा दारात विचारीत नाही. आधी थारा द्यावयाचा, चौकशी मागून.

दास म्हटला की आपणांस मिसर देश आठवतो. बीड जिल्ह्यातील वाचकाने इतके दूर जाण्याचे कारण नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, आष्टी, शिरूर, केज, धारूर, वडवणी ह्या तालुक्यांतून हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस निघतात. कोणी सांगली-कोल्हापुराकडे जातो, कोणी कर्नाटकात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल घेणे हे काही दास्य नव्हे. आगाऊ मजुरी घेतली व काम करून फेडली, तर तो सरळ व्यवहार होय. परंतु हंगाम सरला तरी उचल फिटत नाही, खाड्यांचे पैसे कापले जातात, हिशेबाची वही मुकादमाच्याच हाती असते, आणि पैसे फिटेपर्यंत कोपी सोडावयाची नाही असा दम भरला जातो. कधी घरातले एखादे माणूस अडकवून ठेवले जाते. मग त्यास व्यवहार म्हणता येत नाही. अशा ठिकाणाहून रात्री लेकरे खांद्यावर घेऊन निघालेले कुटुंब कोणाच्या दारी जाणार?

हाच प्रश्न एकदा महाराष्ट्रात शिकलेल्या एका आफ्रिकी पाळकापुढे उभा राहिला होता. नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती १८५४ साली रेव्हरंड प्राइस यांनी वसविली. पूर्व आफ्रिकेतून धरून नेलेली मुले इंग्रजी आरमार अरबी गलबतांवरून सोडवून मुंबईस आणीत असे. त्यांतील पुष्कळांस शरणपुरास ठेवून शिक्षण व हातकाम शिकविले गेले. लिव्हिंगस्टनसाहेबांचे शव इंग्लंडास पोहोचविणारा जेकब वेनराइट हा तेथलाच विद्यार्थी. त्याचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. विल्यम जोन्स यांचे थोड्यांनीच ऐकले असेल. तेही लहानपणी दास्यात पडलेले व शरणपुरास वाढलेले. १८६४ साली ते आफ्रिकेस परतले आणि १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी त्यांस डीकनपदाची दीक्षा दिली.

मोंबासाजवळच्या रबाई येथे ते मंडळीची सेवा करीत असता आसपासच्या मळ्यांतून पळालेले दास तेथे येऊन वस्ती करू लागले. पळालेल्यांस थारा देऊ नये, अशी मिशनची बोली होती. तरी रबाईत ते राहिले, शेती करू लागले, उपासनेस बसू लागले. १८८८ साली ही गोष्ट उघडकीस आली, तेव्हा धनी खवळले आणि वस्तीवर संकट आले. शेवटी ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीचे मॅकेन्झी यांनी माणशी मोबदला ठरवून धन्यांची समजूत घातली, व १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १४०० जणांस मुक्तिपत्रे दिली गेली. बोली मोडली हे खरे. परंतु स्वतः सोडविल्या गेलेल्या माणसाने दारात आलेल्यास पुन्हा दोरीला बांधावयाचे कसे?

रबाईस खंडणी भरावी लागली. आपणांस ती भरावयाची नाही, आणि हे प्रत्येक उपदेशकाने नीट समजून घ्यावे. एखादे कुटुंब पळून आले की आपले भाविक लोक वर्गणी काढून मुकादमाचे तोंड बंद करू पाहतात. हेतू चांगला, पण मार्ग चुकीचा. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठबिगारीचे कर्ज समूळ रद्द झाले आहे. असे कर्ज वसूल करून घेणे हाच गुन्हा असून त्यास ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. कर्ज वेठबिगारीचे नव्हे हे सिद्ध करण्याचा भारही मजुरावर नसून पैसे देणाऱ्यावर आहे.

कोणी म्हणेल, अनेसिमाचे देणे मी भरीन असे पौलाने फिलेमोनास लिहिले नव्हते काय? लिहिले होते. पण पौल रोमी राज्यात कैदी होता आणि तेथील कायदा धन्याच्या बाजूचा होता. शिवाय त्या पत्राचा भर देण्याघेण्यावर नाही. अनेसिमाला यापुढे दास न समजता प्रिय बंधू समजावे, ह्यावर आहे. फिलेमोनाच्या घरीच मंडळी भरत असे, हेही विसरू नये. आपल्याकडे मुकादम बहुधा गावचाच असतो आणि स्वतः कारखान्याकडील पैशांत गुंतलेला असतो. उचल घेऊन कामावर न गेलेल्या लोकांमुळे बुडालेले मुकादमही आहेत. म्हणून प्रत्येक भांडणास वेठबिगारी म्हणू नये, आणि मुकादमाच्या घरी जाऊन प्रार्थना करणेही सोडू नये.

जेथे अडकवणूक खरी असेल तेथे उपदेशकाने कुटुंबाचा जबाब त्याच्याच शब्दांत लिहून काढावा : उचल किती व कोणत्या दिवशी घेतली, किती दिवस काम केले, काय कापले गेले, कोणास अडविले, दम कोणी दिला. तो घेऊन कुटुंबासह तहसीलदार, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे जावे. जिल्ह्यास व उपविभागास दक्षता समिती असावी असे कायदाच सांगतो. चौकशीअंती मुक्ततेचा दाखला मिळतो. २०१६ च्या केंद्रीय योजनेत पुरुषास १ लाख आणि स्त्रियांस व बालकांस २ लाख रुपये पुनर्वसनासाठी ठेविले आहेत. पूर्ण रक्कम मात्र गुन्हा शाबीत होण्याशी जोडलेली आहे. तेव्हा दाखला मिळाला म्हणून तारखांस जाणे थांबवू नये. दाखल्याची एक नक्कल मंडळीच्या पेटीत ठेवावी. पुढच्या हंगामात ते कुटुंब कोठेही गेले तरी ती मागावयास त्यांस गावीच यावे लागेल.