वास्तू आणि लोकस्मृती : टिळकवाडीच्या विहिरीचा बोध

गावाचा इतिहास जसा दप्तरात असतो, तसाच तो वाडे, शाळा, धर्मशाळा, विहिरी व रस्त्यांची नावे यांतही साठलेला असतो. मात्र वास्तू स्वतः बोलत नाही. तिची हकिकत सांगणारी पिढी मागे पडली की भिंती उभ्या असूनही आठवण विरत जाते. बेळगावच्या दक्षिण भागातील टिळकवाडी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

१९२४ चे अधिवेशन

राष्ट्रीय सभेचे ३९ वे अधिवेशन डिसेंबर १९२४ मध्ये येथे भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन होय. व्यवस्थेचा मुख्य भार लोकमान्यांचे अनुयायी गंगाधरराव देशपांडे यांनी वाहिला. स्वयंसेवक दलाची धुरा डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्याकडे होती. पुढे थोर गायिका म्हणून कीर्ती पावलेल्या गंगूबाई हनगल यांनी बालवयात येथे स्वागतगीत गायिले. या तात्पुरत्या नगरास ‘विजयनगर’ असे नाव दिले होते.

अधिवेशन संपले आणि मंडप उतरविण्यात आला. उरली ती पाण्यासाठी खोदलेली विहीर. तिला ‘पंपासरोवर’ म्हणत. लोकांच्या तोंडी मात्र ‘काँग्रेस विहीर’ हेच नाव रूढ झाले. जवळचा रस्ताही काँग्रेस रोड म्हणून ओळखला जातो.

नाव उरते, अर्थ निसटतो

येथे एक धोका संभवतो. नाव रोज उच्चारले जाते, पण ते का पडले हे कोणी विचारीत नाही. आजच्या मुलास ही विहीर एखाद्या पक्षाच्या मालकीची वाटली, तर दोष त्याचा नव्हे. त्या वेळी दहा-अकरा वर्षांच्या असलेल्या गंगूबाई २००९ मध्ये निवर्तल्या. ज्यांनी तो सोहळा डोळ्यांनी पाहिला, ती पिढी आता राहिलेली नाही. स्थळावर ‘वीरसौध’ हे स्मारक आहे व २०२४ मध्ये शताब्दीही साजरी झाली. म्हणून ही स्मृती पुन्हा उजळली.

सामान्य घरांच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. बेळगावच्या किल्ल्यातील तेराव्या शतकारंभीच्या कमल बस्तीविषयी शिलालेख बोलतात. कौलारू घराची ओसरी, जोत्यावरची बैठक, परसातला आड यांचा शिलालेख कोण कोरणार? अशी घरे पाडून तेथे बहुमजली इमारती उभ्या राहतात. राहण्याची गरज खरी आहे, त्यास विरोध करण्याचे कारण नाही. परंतु घर पाडण्यापूर्वी त्याची नोंद झाली नाही, तर पुढे ती करता येत नाही.

शिक्षकांनी काय करावे?

१. विद्यार्थ्यांनी गावातील एक जुनी वास्तू निवडावी. तिची लांबी-रुंदी, बांधणीचे साहित्य व आराखडा वहीत उतरवावा आणि शक्य तर छायाचित्र घ्यावे.

२. वडीलधाऱ्या मंडळींस भेटून माहिती विचारावी. सीमाभागात मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत आठवणी आहेत. ज्या भाषेत त्या सांगितल्या, त्याच शब्दांत लिहून घ्याव्यात.

३. ‘स्वतः पाहिले’ आणि ‘ऐकले’ अशी दोन सदरे वेगळी ठेवावीत. दंतकथा गाळू नये, पण ती दंतकथा म्हणूनच नोंदवावी.

४. सन व मालकी यांचा मेळ नगरभूमापनाच्या उताऱ्याशी अथवा पंचायतीच्या दप्तराशी घालून पाहावा.

५. नोंदीची एक प्रत शाळेत व एक सार्वजनिक वाचनालयात ठेवावी.

या कामास मोठा निधी लागत नाही. वही, पेन्सिल व थोडी चिकाटी पुरे. प्रत्येक वास्तू वाचविणे आपल्या हाती नसेल, पण तिची हकिकत राखणे निश्चित आहे. सांगणारी माणसे आपल्यात आहेत तोवर हे काम हाती घेणे अगत्याचे आहे.