करंड्यावरचे ओरखडे

नागपूरच्या जरीपटक्यातल्या एक बाई मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा यंदा दहावी झालेला. त्यांनी पिशवीतून एक लाकडी करंडा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "शाळा सुटली की हा काकांच्या लेथवरच असतो. यातून पोट भरेल का, तेवढं सांगा."

करंडा हातात घेतला. घाट सुरेख होता, झाकण हलकेच दाबलं की नेमकं बसत होतं. दहावीच्या मुलाने एवढं कातलं याचं मला खरंच कौतुक वाटलं. पण वर लाल ऑइल पेंट होता, त्यावर डब्यातल्या सोनेरी रंगाचा पट्टा, आणि खिडकीकडे तिरपा धरला तर रंगाखाली गोल गोल ओरखडे दिसत होते. मुलाने पॉलिश पेपरचा जाड नंबर वापरून थेट ब्रश उचलला होता.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या ओरखड्यांपाशी होतं. पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे गज, लाटणी ही कामं आता ऑटोमॅटिक लेथवर झपाट्याने निघतात. नुसत्या कातकामाला नगाचा भाव मिळतो आणि तो वाढवून मागता येत नाही. दाम मिळतो तो पृष्ठभागाला, म्हणजे रंगाला, लाखेला आणि वर्खाला. मुलाने जायचं असेल तर तिकडे जावं.

गुजरातेतल्या संखेड्याचा झोपाळा पुष्कळांनी पाहिला असेल. कातीव सागवान, मरून रंग आणि त्यावर झळाळणारी सोनेरी नक्षी. त्या नक्षीत सोन्याचा कणही नसतो. कथलाचा वर्ख सरसात खलून त्याने नक्षी काढतात. ती वाळली की अकीकाच्या दगडाने घासून चांदीसारखी चमकवतात आणि वरून लाखेचा पारदर्शक थर चढवतात. लाखेच्या पिवळसर झाकेतून ते रुपेरी कथील सोनेरी दिसू लागतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांवर लाख कशी चढते तेही पाहण्याजोगं आहे. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते, मग केवड्याच्या पात्याने दाबून तिला तकाकी आणतात. ब्रश लागतच नाही. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव. पळस तर आपल्या विदर्भात पावलोपावली आहे.

बाईंना मी सिंधमधल्या हाला गावाबद्दल विचारलं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं जरीपटक्यात येऊन वसली, आणि हाला हे जंडीच्या, म्हणजे कातीव लाकडावरच्या लाखकामाच्या पलंग-पाळण्यांसाठी नावाजलेलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सासूबाई अशाच पींघ्याचं, म्हणजे झोपाळ्याचं सांगायच्या." मुलाने पहिल्यांदा मान वर केली.

खऱ्या सोन्याच्या वर्खाचं काम याहून कठीण. खडूची पूड आणि सरस यांचे पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर घासायचा, त्यावर तांबड्या मातीचा लेप, मग वर्ख, आणि शेवटी अकीकाने घोटणं. वर्ख इतका पातळ असतो की श्वासानेही उडतो. खालचा बारीकसा खड्डा तो झाकत नाही, उलट उजळून दाखवतो. म्हणून पालकांनी मुलाची चित्रकला बघण्याआधी त्याची चिकाटी बघावी. एकच वस्तू चार वेगवेगळ्या नंबरांच्या पेपरने घासताना तो कंटाळतो का?

आता शिक्षणाचं. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. लाकडाची जात, सांधे, मोजमाप तिथे पक्कं होतं, कातकाम आणि लाखकाम मात्र कारागिराजवळ बसूनच येतं. बारावी करायची असेल तर जरूर करा, लेथ कुठे जात नाही. पुढे अहमदाबादच्या एनआयडीत फर्निचर डिझाइन आहे, जयपूरला हस्तकलेची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्राफ्ट्स अँड डिझाइन आहे. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते, आणि हाताने काम केलेला मुलगा तिथे उठून दिसतो. नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहेच. पण त्याआधी, एकही पैसा फी न भरता, महाल भागातल्या चितार ओळीत गणपतीच्या दिवसांआधी जाऊन उभं राहा. मूर्तीच्या मुकुटावर सोनेरी हात कसा फिरतो ते बघा. सुट्टीत सावंतवाडीला जमलं तर तिथली लाकडी फळं आणि राजवाड्यातलं लाखकाम पाहून या.

अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर पीएम विश्वकर्मा योजनेचा विचार करता येईल. 2023 साली सुरू झालेल्या या योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतारकाम आणि खेळणी बनवणं दोन्ही आहेत. प्रशिक्षणात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत कर्ज मिळतं. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, म्हणून घरात आधी ठरवा. हस्तकला विकास आयुक्तालयाचं कारागीर ओळखपत्रही काढून ठेवा. 2021पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) मानकांचं बंधन आलं, त्यातून नोंदणीकृत कारागिरांना सूट आहे. खेळणी करायचीच तर रंग वनस्पतिजन्य असावेत. आंध्रातल्या एटिकोप्पाकाच्या सी. व्ही. राजूंनी त्याच वाटेवर आयुष्य घातलं, 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि लाकूड. लकडगंजातून घ्या, पण बिलासह. ओलं लाकूड पावसाळ्यात कातलं तर नागपूरचा 45 अंशांचा मे महिना त्याला फाडल्याशिवाय राहत नाही, वरचा वर्खही त्याबरोबर जातो. हिवाळ्यात घेऊन सावलीत रचून ठेवलेलं, टोकांना मेण लावलेलं लाकूडच वापरा.

आईला मी वेगळं बसवून एकच गोष्ट निक्षून सांगितली. लेथवर सैल बाही नको, गळ्यात साखळी नको, हातात कडं नको. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क, आणि मशीन सुरू करण्याआधी लाकूड एकदा हाताने फिरवून बघायचं.

मुलाला काम दिलं. सहा भोवरे कातायचे, सगळे सारखे. एकावरही रंग लावायचा नाही. चार नंबरांच्या पेपरने घासायचे आणि सकाळच्या तिरप्या उन्हात नखाने तपासायचे. पंधरा दिवसांनी तो आला. पाच भोवरे आणले होते. सहाव्याचं विचारलं तर म्हणाला, "सर, त्याच्यावर एक रेघ राहिली. परत लेथवर लावलाय."