धुराच्या धंद्यात मुलाला घालावं का?

बारावीचा निकाल जवळ आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादं ‘स्कोप असलेलं’ नवं क्षेत्र फिरायला लागतं. त्यात आता जहाजांच्या स्क्रबरची भर पडली आहे. बाजार इतक्या अब्ज डॉलरचा होणार, अमुक टक्क्यांनी वाढणार, असा एक तक्ता आणि खाली प्रश्न : मुलाला यात घालायचं का? माझं उत्तर असं, की स्क्रबरच्या बाजाराकडे बघून घालू नका. स्क्रबर ज्यांच्या हातांनी चालतो, त्यांच्या कामांपैकी एखादं बघा.

डोंबिवली एमआयडीसीत केमिकल कंपनीत नोकरी केलेल्या माणसाला हे यंत्र समजावून सांगावं लागत नाही. उभा टॉवर, खालून आम्लाचा वायू येतो, वरून कॉस्टिकच्या पाण्याचा फवारा पडतो, आम्ल पाण्यात उतरतं आणि चिमणीतून जरा बरी हवा जाते. 2014 साली हिरवा पाऊस आणि 2020 साली गुलाबी रस्ता पाहिलेल्या शहराला प्रदूषण नियंत्रण हा निव्वळ पुस्तकी विषय वाटायचं काही कारण नाही.

जहाजावर हाच टॉवर फनेलमध्ये बसवतात. समुद्राचं पाणी मुळातच किंचित अल्कधर्मी असल्यामुळे ‘ओपन लूप’ प्रकारात तेच खेचायचं, धुरावर फवारायचं आणि परत समुद्रात सोडायचं. ‘क्लोज्ड लूप’मध्ये कॉस्टिक घातलेलं पाणी बहुतांशी आतल्या आत फिरतं आणि उरलेला गाळ बंदरावर उतरवावा लागतो.

हे सगळं आलं एका नियमामुळे. 1 जानेवारी 2020 पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यावर आणली. जहाजमालकापुढे दोन वाटा उरल्या : महागडं कमी गंधकाचं तेल घ्या, किंवा स्वस्तातलं जुनंच तेल जाळा आणि धूर धुऊन सोडा.

म्हणजे स्क्रबरचा धंदा दोन तेलांच्या दरांतल्या फरकावर उभा आहे. समजा, जहाज दिवसाला 30 टन तेल जाळतं आणि वर्षाचे 200 दिवस चालतं. टनामागे 300 डॉलरचा फरक असेल तर वर्षाला 18 लाख डॉलर वाचतात. फरक 60 डॉलरवर आला तर 3 लाख 60 हजार. यंत्रणेचा खर्च 30 लाख डॉलर धरला, तर पहिल्या हिशेबात तो दोन वर्षांच्या आत सुटतो, दुसऱ्यात आठ वर्षांहून जास्त लागतात. 2020 मध्ये नेमकं हेच झालं. वर्षाच्या सुरुवातीला फरक भरपूर होता. कोरोनात तेल कोसळलं, फरक आटला आणि नव्या ऑर्डरी थंडावल्या. 2022 मध्ये तो पुन्हा वाढला. चार वर्षांच्या डिग्रीत बाजार असा दोनदा कूस बदलू शकतो.

दुसरी अडचण धुतलेल्या पाण्याची. धुरातली घाण हवेतून काढून समुद्रात टाकली, तर फायदा कुणाचा? सिंगापूरने 2020 पासूनच आपल्या बंदरात ओपन लूपचं पाणी सोडायला मनाई केली. डेन्मार्कने 1 जुलै 2025 पासून आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात ते बंद केलं, आणि 2029 पासून तिथे क्लोज्ड लूपचं पाणीही चालणार नाही. वाढीचे तक्ते दाखवणारे हे सहसा सांगत नाहीत.

मग काम कुठे आहे? पाइपात आहे. धुऊन निघालेलं पाणी आम्लयुक्त, कोमट आणि खारट असतं. साध्या पोलादाला ते खाऊन टाकतं. हे पाणी जहाजाबाहेर सोडणारा पाइप जिथे कवचाला जोडलेला असतो, तिथे आतल्या कोटिंगला टाचणीएवढं भोक राहिलं, तरी दोन-तीन वर्षांत गळती लागून पाणी इंजिनरूममध्ये येऊ शकतं. म्हणून उंची मिश्रधातू आणि ग्लास-फायबरचे पाइप वापरतात. त्या पाइपांचे सांधे चिकटवताना पृष्ठभाग घासून साफ करणं, ओल न राहू देणं, हे काम करणाऱ्याला गंजाचं शास्त्र हातात मुरलेलं लागतं. दुसरं काम मोजमापाचं. धुरातल्या सल्फर डायऑक्साइडचं कार्बन डायऑक्साइडशी असलेलं प्रमाण 21.7 च्या वर जाता कामा नये, पाण्याचा पीएच आणि गढूळपणा सतत नोंदवायचा असतो. सेन्सरने खोटं सांगितलं, तर बंदरात उत्तर जहाजाला द्यावं लागतं.

ही दोन्ही कामं शिकायला समुद्रावर जायलाच हवं असं नाही. आयटीआयचा वेल्डर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा एओसीपी (केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर), मेकॅनिकल वा केमिकलचा डिप्लोमा, बिर्ला किंवा पेंढरकर कॉलेजातली केमिस्ट्री, यांतून सुरुवात होते. डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यात स्क्रबर सांभाळलेला पोरगा जहाजावरच्या स्क्रबरपुढे अगदी कोरा नसतो. उद्या ही यंत्रणा मागे पडून युरियाने नायट्रोजन ऑक्साइड मारणारी किंवा कार्बन पकडणारी यंत्रणा आली, तरी पंप, पाइप, सेन्सर आणि गंज त्याचं बोट सोडणार नाहीत. मात्र बसवण्याचं मोठं काम बहुतेक चीनमधल्या गोद्यांत होतं, तेव्हा ‘घराजवळ नोकरी’ ही अपेक्षा घेऊन इकडे येऊ नका. इकडे मिळतं ते डिझाइनचं, सर्व्हिसचं आणि तपासणीचं काम. जहाज व्यवस्थापन कंपन्यांची कार्यालयं मुंबईत आहेत, जहाजांची तपासणी करणारं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग पवईत आहे, स्क्रबर बनवणाऱ्या अल्फा लावलचं भारतातलं मुख्य ठाणं पुण्यात.

ज्याला जहाजावर जायचंच आहे, त्याने मरीन इंजिनिअरिंग बघावं. 1657 साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवरायांनी आरमाराची सुरुवात दुर्गाडीपाशी केली, आणि तरी आज त्याच कल्याणच्या घरांत ‘शिपिंग’ म्हटलं की आईचा चेहरा उतरतो! बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये 60 टक्के, दहावी किंवा बारावीला इंग्रजीत 50 टक्के आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची (आयएमयू) सीईटी, हा चार वर्षांच्या बी.टेक.चा रस्ता. मेकॅनिकलची डिग्री झालेल्याला वर्षभराचा जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंग) कोर्स पुरतो. मेकॅनिकलमधून जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण समुद्र मानवला नाही तरी डिग्री हातात राहते.

‘सीट फुल होतेय’ म्हणत जॉइनिंगसाठी काही लाख मागणारा एजंट भेटला, तर तिथेच थांबा. 2016 च्या नियमांप्रमाणे जहाजावर नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत, आणि एजन्सीकडे आरपीएसएल परवाना लागतो. परवान्याचा नंबर नौवहन महासंचालनालयाच्या वेबसाइटवर तपासता येतो. या महासंचालनालयाचं कार्यालय कांजूरमार्गला आहे, धीम्या लोकलने ठाण्याहून चौथं स्टेशन.

आणि सगळ्यात आधी डोळे तपासून घ्या. रंगांधळेपणा असेल तर जहाजावरचं इंजिनिअरिंग बंद होतं आणि कित्येकांना ते कॉलेजच्या फीचा पहिला हप्ता भरल्यावर कळतं. महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडे ही तपासणी सीईटीचा फॉर्म भरायच्या आधीच होऊ शकते.