खाणीचा तळ आणि विहिरीचे पाणी

रस्ता असो, पूल असो वा शाळेची इमारत, खडी आणि मुरूम यांवाचून बांधकामाचे पाऊल पुढे पडत नाही. वाहतुकीचा खर्च वाचावा म्हणून हा माल कामाच्या जवळपासच काढला जातो आणि म्हणूनच खाणीच्या शेजारी बहुधा कोणाचे तरी शेत असते, कोणाची तरी विहीर असते. खाण किती लांब-रुंद असावी याची चर्चा पुष्कळ होते. विहिरीच्या दृष्टीने खरा प्रश्न मात्र ती किती खोल असावी हा आहे.

महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभागाखाली बसाल्टचा काळा पाषाण पसरलेला आहे. एकसंध कातळात पाणी जवळजवळ साठत नाही. ते साठते कातळावरच्या झिजलेल्या थरात, म्हणजे मुरमात, तसेच सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि भेगांमध्ये. ज्या मुरमाला रस्त्याच्या कामासाठी मागणी आहे, तोच मुरूम पाण्याचे कोठारही आहे. हे कोठार फार मोठे नाही. नदीकाठच्या वाळूमिश्रित गाळातून त्याच्या आकारमानाच्या सुमारे १६ टक्के पाणी उपशाला मिळू शकते. झिजलेल्या बसाल्टमधून साधारणतः अवघे २ टक्के मिळते, असे भूजल मूल्यांकनाच्या प्रचलित पद्धतीत धरले जाते. याचा अर्थ असा की एक हेक्टर क्षेत्रातील पाण्याची पातळी एक मीटरने उतरण्यास केवळ २०० घनमीटर उपसा पुरतो. खाणीत साचणारे पाणी रोज १०० घनमीटर याप्रमाणे बाहेर टाकले आणि भोवतालून भर पडली नाही, तर दोन दिवसांत एवढी घट होईल. प्रत्यक्षात भर पडतेच. पण ती येते शेजारच्या विहिरींच्या वाट्यातून.

परवानगीच्या पद्धतीत या गोष्टीचा विचार केलेला आहे. दगड, खडी, मुरूम ही गौण खनिजे होत. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाच्या कलम १५ अन्वये त्यांच्यासंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्यांना देण्यात आला असून, महाराष्ट्राने २०१३ मध्ये गौण खनिज उत्खननाचे स्वतंत्र नियम केले. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपककुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात दिलेल्या आदेशामुळे ५ हेक्टरांहून लहान खाणपट्टेही पर्यावरणविषयक पूर्वमान्यतेच्या कक्षेत आले. हा बदल महत्त्वाचा होता, कारण लहान खाणी एकेकट्या निरुपद्रवी दिसल्या तरी एकाच टेकडीवर त्या ओळीने उभ्या राहतात. अशा मान्यतांमध्ये सामान्यतः एक अट आढळते : उत्खनन भूजलपातळीच्या खाली नेऊ नये आणि न्यावयाचे झाल्यास आधी स्वतंत्र मान्यता घ्यावी.

अट सोपी वाटते. पण भूजलपातळी म्हणजे कोणत्या दिवसाची?

मोजणीची रीत पाहिली म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. विहिरीच्या कठड्यावर एक कायम खूण करून तेथून टेप सोडतात, कठड्याची उंची वजा करतात आणि जमिनीच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतून ती खोली वजा करतात. पंप चालू असताना किंवा नुकताच थांबला असताना घेतलेली नोंद निरुपयोगी ठरते. पाणी पूर्ववत होऊ द्यावे लागते. समजा, विहिरीजवळची जमीन ५६२ मीटर उंचीवर असून कठडा ०.६ मीटरचा आहे. मे महिन्यात टेप ९.४ मीटर दाखवितो. म्हणजे पाणी जमिनीखाली ८.८ मीटरवर, अर्थात ५५३.२ मीटर उंचीवर आहे. खाणीचा प्रस्तावित तळ ५५६ मीटर असेल, तर तो पाण्याच्या २.८ मीटर वर राहतो आणि अट पाळली गेल्याचे दिसते. त्याच विहिरीत ऑक्टोबरमध्ये टेप ३.१ मीटर दाखवितो. आता पाणी ५५९.५ मीटरवर आहे आणि तोच तळ पाण्याखाली ३.५ मीटर गेला आहे. कागद एकच, खाण एकच. फरक फक्त महिन्याचा. केवळ उन्हाळी मोजणी जोडलेला प्रस्ताव म्हणूनच अपुरा समजला पाहिजे.

एका विहिरीवर विसंबूनही भागत नाही. जमिनीखालचे पाणीही उतार धरून वाहते. त्यामुळे खाणीच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला अशा दोन्ही बाजूंना निरीक्षण विहिरी किंवा पिझोमीटर, म्हणजे केवळ पातळी मोजण्यासाठी घेतलेल्या अरुंद कूपनलिका, असाव्या लागतात. वरच्या विहिरीची पातळी नेहमीप्रमाणे टिकून खालच्या विहिरीचीच उतरली, तर पावसाला दोष देता येत नाही. तुलनेसाठी जुन्या नोंदी हव्यात. १९७२ मध्ये स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. प्रस्तावित खाणीच्या पाणलोटातील अशी विहीर शोधून तिच्या अनेक वर्षांच्या नोंदी पाहणे हे पहिले काम होय. खाणधारकावरही पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात, पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात मोजणी करण्याची अट सामान्यतः घातली जाते. काम सुरू झाल्यावर पहिली मोजणी घेण्यात अर्थ नाही, कारण मूळ स्थिती तोवर हरवलेली असते.

नोंदी कोणाला पाहता येतात, हे शेतकऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार मान्यताधारकाने दर सहा महिन्यांनी, १ जून व १ डिसेंबर रोजी, अटींच्या पूर्ततेचा अहवाल सादर करावयाचा असतो. हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज मानले आहेत आणि संबंधित प्राधिकरणाकडे अर्ज करणाऱ्या कोणासही त्यांची प्रत मिळू शकते. ज्याची विहीर खाणीच्या उताराला आहे, त्याने ही प्रत मागताना आपल्या विहिरीचा मे आणि ऑक्टोबरचा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवलेला असावा.