शंका-समाधान : सोआरेस यांची दिल्लीतली सही

सावंतवाडीहून एक वाचक विचारतात : गोवा १९६१ साली मुक्त झाला, असे आम्ही शाळेत शिकलो. मग पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांनी १९७४ मध्ये दिल्लीत येऊन करार केला तो कशासाठी?

शंका रास्त आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोव्यातले पोर्तुगीज सैन्य शरण आले, पण लिस्बनमधल्या हुकूमशहा सालाझारने ते मानलेच नाही. शेवटच्या माणसापर्यंत लढायचे सोडून शरणागती पत्करली म्हणून गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना लष्करातून काढून टाकले. पुढची तेरा वर्षे लिस्बनच्या दप्तरी गोवा पोर्तुगालचाच होता. २५ एप्रिल १९७४ ला लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी तिथली हुकूमशाही उलथवली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

३१ डिसेंबर १९७४ ला नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे सही केली परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस यांनी, भारतातर्फे आपल्या यशवंतराव चव्हाणांनी. चव्हाणांकडे परराष्ट्र खाते येऊन तीन महिनेही झाले नव्हते. या कराराचे पहिले कलम जरूर वाचा. भारताचे सार्वभौमत्व आजपासून मान्य, असे त्यात म्हटलेले नाही. हे प्रदेश भारताच्या राज्यघटनेनुसार भारतात आले त्या त्या तारखांपासून मान्य, असे म्हटले आहे. म्हणजे दादरा-नगर हवेली ११ ऑगस्ट १९६१ पासून. गोवा, दमण आणि दीव २० डिसेंबर १९६१ पासून. मागची तारीख मान्य केल्यामुळे मधल्या तेरा वर्षांवरचा पोर्तुगालचा दावाच संपला. (दादरा-नगर हवेली मुळात १९५४ लाच मुक्त झाली होती, ती आधीची वर्षे मात्र या कलमाबाहेर राहिली.) माझ्या मते कराराचे खरे मोल ‘तारखांपासून’ या शब्दात आहे.

कोल्हापूरहून : सोआरेस हे सालाझारच्याच तालमीतले होते का?

अजिबात नाही. त्या राजवटीने त्यांना बारा वेळा अटक केली. १९४९ साली मारिया बारोसो यांच्याशी त्यांचे लग्न झाले तेव्हाही ते तुरुंगातच होते. पेशाने वकील. सरकारच्या गुप्त पोलिसांनी सालाझारचे विरोधक जनरल देल्गादो यांची हत्या केली, तेव्हा त्यांच्या कुटुंबाचे वकीलपत्र सोआरेस यांनी घेतले. १९६८ मध्ये त्यांना साओ तोमे बेटावर हद्दपार केले गेले, नंतर ते पॅरिसला राहिले. क्रांतीनंतर तीनच दिवसांनी आगगाडीने लिस्बनला परतले आणि मे महिन्यात परराष्ट्रमंत्री झाले.

ते खाते त्यांच्याकडे जेमतेम दहा महिने होते. पण जूनमध्ये ते झांबियातल्या लुसाकाला गेले, तेव्हा मोझांबिकमध्ये पोर्तुगालविरुद्ध लढणाऱ्या फ्रेलिमो संघटनेचे नेते सामोरा माशेल यांच्याशी नुसते हस्तांदोलन न करता त्यांनी सरळ मिठी मारली. दोन्ही बाजूंचे सैनिक तेव्हाही एकमेकांवर गोळ्या झाडत होते. स्वतः तुरुंगवास सोसलेल्या माणसालाच हे सुचावे, असे मला मनापासून वाटते. पुढे ते पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष झाले. १९९२ च्या आपल्या प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणे तेच होते.

मडगावहून एक भगिनी : आजीच्या पाटल्या पोर्तुगीज बँकेत गहाण होत्या, असे घरात ऐकले आहे. या करारामुळे असे सोने परत मिळाले का?

लगेच नाही. मुक्तीच्या आधी बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेने गोवेकरांचे तारण ठेवलेले दागिने लिस्बनला नेले. मालमत्तेचे आणि दाव्यांचे प्रश्न दोन्ही देशांनी बोलणी करून सोडवायचे, एवढेच करारात ठरले. ते सोने भारतात यायला १९९१ उजाडले, आणि आले ते स्टेट बँकेकडे. तोवर पुष्कळ घरांतल्या गहाण ठेवणाऱ्या बायका हयात नव्हत्या. आजीच्या पेटीत गहाणाची पावती असेल तर ती जपून ठेवा.